लाभ, दोन, तीन

सतरा बसली होती आणि सतरा उतरली होती. यात रामगोंडाला तिळभर शंका नव्हती. मोजणं हा काही त्याचा छंद नव्हता, चाळीस वर्षांचा धंदा होता. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती मोजण्यात त्याची उमर गेली होती. हमाल भांडत असोत, अडत्या फोनवर ओरडत असो, हळदीच्या धुरळ्यानं डोळे भरून आलेले असोत, रामगोंडा मापाड्याचा आकडा चुकला असं कुणी म्हटलेलं नव्हतं. तेव्हा साताऱ्याबाहेरच्या, कोरेगावच्या वाटेवरच्या या बागेत, झुकझुकगाडीतून उतरणारी पोरं मोजणं म्हणजे त्याच्या दृष्टीनं अगदीच किरकोळ काम होतं. गाडी सुटताना सतरा, गाडी आल्यावर सतरा. मग पाण्याची बाटली घेऊन परतलेली ब्राह्मी, त्याची सून, त्याच्यासमोर उभी राहून पुन्हा पुन्हा तेच का विचारत होती, हे त्याला कळेना. "मामा, लाभ कुठाय?"

"उतरला की," तो म्हणाला. "हितंच असंल कुटंतरी. सतरा बसली, सतरा उतरली. मी सोता मोजल्यात." मोजल्यात म्हटल्यावर ब्राह्मीचा चेहरा जरा सैल पडला. तीही सांगलीच्याच अडत दुकानदाराची मुलगी, सासऱ्याच्या आकड्याची पत तिला माहेरापासून ठाऊक होती. ती "लाभ, ए लाभ" करत आइस्क्रीमच्या गाड्याकडे गेली. रामगोंडा लोखंडी कठड्याला धरून तिथंच उभा राहिला. पाच वर्षांचं पोर, पिवळा शर्ट, कालच घेऊन दिलेले निळे सँडल. सँडल एक नंबर मोठे घ्यायला रामगोंडानंच लावले होते. वाढत्या पायाला नेमकं माप काय कामाचं, असं तो दुकानदाराला ऐकवून आला होता, आणि आज दिवसभर पोरगं पायातून निसटणारे सँडल फरपटत चाललं होतं. गाडीत चढतानासुद्धा एक सँडल निसटला, तो घालेपर्यंत बाकीची पोरं जोडीजोडीनं बसून गेली, आणि लाभ शेवटच्या डब्यातल्या शेवटच्या बाकावर एकटाच बसला. "अज्जा, माझा नंबर?" त्यानं तिथून ओरडून विचारलं होतं. "सतरा!" रामगोंडानं सांगितलं होतं. मोठ्या माणसांना गाडीत घेत नव्हते. गाडीवाला जोतीराम म्हणाला होता, "आवं आजोबा, तुमचं वजन झेपायचं न्हाई तिला. बॅटरीवरची हाय."

बागेत पाऊल टाकल्यापासून त्याला ती गाडी आवडली नव्हती, हे आता त्याच्या ध्यानात आलं. गाडी नव्हे, बोगदा. फलाटापासून पन्नास पावलांवर सिमेंटचा खोटा डोंगर होता आणि त्याला खालच्या अंगाला काळं तोंड होतं. गाडी बागेला मोठा वळसा घालून डोंगराच्या पलीकडून आत शिरायची, आत अर्धं मिनिट थांबायची, तांबडा दिवा लागून फायबरचा सिंह डरकाळी फोडायचा, पोरं किंचाळायची, आणि मग ती या तोंडातून बाहेर यायची. किंचाळणं ऐकताना रामगोंडानं कठडा घट्ट धरला होता. त्याला हरिपूरची पेवं आठवली होती. हळद साठवायची जमिनीतली ती खोल विवरं, वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि खाली खोलीएवढं पोट. पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा. कंदील विझला तर आत वाईट हवा आहे, माणसानं उतरायचं नाही. रामगोंडा एकोणीस वर्षांचा असताना एकदा घाई झाली होती, मालक ओरडत होता, कंदील नीट न पाहताच तीन हमाल खाली उतरले. थोड्या वेळानं डोकं गरगरतंय म्हणत ते वर आले, झाडाखाली आडवे झाले, कुणी लघवीला गेले, आणि नव्या पोरानं, म्हणजे रामगोंडानं, कुणी सांगितलं नसताना मोजलं. लाभ, दोन. "तिसरा आत हाय," तो म्हणाला. कुणी ऐकेना, तेव्हा तो मालकाच्या तोंडावर ओरडला. दोर सोडून त्या तिसऱ्याला, केरबाला, वर काढला तेव्हा त्याचे डोळे पांढरे झाले होते, पण तो जगला. पुढं वीस वर्षं दर दसऱ्याला केरबा सोनं द्यायला रामगोंडाच्या घरी, आष्ट्याला, यायचा आणि पाया पडायचा. पेवं पुढं पुरात गेली, केरबाही गेला, पण रामगोंडाच्या आकड्यानं माणूस वाचवला ही गोष्ट यार्डात राहिली. त्या गोष्टीवर रामगोंडा भाकरीपेक्षा जास्त जगला होता.

लाभ, दोन, तीन. त्याच्या धंद्यात एक म्हणायची पद्धत नव्हती. एक म्हणजे एकटा, मापाची सुरुवात एकट्यानं केली की बरकत जाते, म्हणून पहिल्या मापाला लाभ म्हणायचं आणि मग दोन. वडलांनी शिकवलं ते जिभेला असं बसलं होतं की घरात चपात्या मोजतानाही तो लाभ म्हणायचा, आणि बायको चंदनबाला हसायची. सांगलीच्या दवाखान्यात नातू झाला तेव्हा नर्सनं कपड्यात गुंडाळलेलं ते बोचकं पुढं केलं, आणि रामगोंडाच्या तोंडून आपसूक निघालं, "लाभ." पहिला नातू, पहिलं माप. चंदनबाला म्हणाली, "झालं, मापाड्यानं नाव ठेवलं." अतिशयला, म्हणजे रामगोंडाच्या मुलाला, ते नाव आवडलं. दुसरं माप काही पडलं नाही, आणि दोन वर्षांपूर्वी चंदनबालाही गेली. आष्ट्याच्या घरात तेव्हापासून रामगोंडा एकटाच होता. गेल्या महिन्यात दुधाचं पातेलं गॅसवर करपून कोळसा झालं, शेजाऱ्यांनी साताऱ्याला फोन केला, आणि तेव्हापासून मुलगा नि सून त्याच्याशी जरा मऊ आवाजात बोलायला लागले होते. त्या मऊपणाची त्याला धास्ती वाटायची. मे महिन्यात लाभला पंधरा दिवस आष्ट्याला ठेवायचं हे ठरलेलं होतं, पण आठ दिवस साताऱ्यात राहूनही तो विषय कुणी काढला नव्हता, आणि रामगोंडाला विचारायचा धीर झाला नव्हता. आज ब्राह्मी पाणी आणायला गेली तेव्हा जाता जाता थबकली होती. "मामा, तुम्ही एकटे बघाल ना त्याच्याकडं?" ती सहज बोलली असेल. त्याला मात्र ती परीक्षा वाटली. म्हणून तर त्यानं एवढं मन लावून मोजलं होतं.

ब्राह्मी परत आली ती पळत. आइस्क्रीमकडे नाही, घसरगुंडीकडे नाही, स्वच्छतागृहात बायका बघून आल्या. जोतीरामनं पुन्हा एकदा सगळे डबे पाहिले, बाकाखाली वाकून पाहिलं. "गाडीत न्हाई, ताई. उतरलं असंल तर बाहीरच कुटंतरी गेलंय." मग तो रामगोंडाकडे वळला. "आजोबा, नक्की समदी उतरली न्हवं?" "सतरा," रामगोंडा म्हणाला. त्याचा स्वर थोडा चढला होता. "चाळीस वर्सं मोजत आलोय मी." जोतीरामनं मान हलवली. एवढ्या खात्रीनं बोलणाऱ्या म्हाताऱ्याशी कोण वाद घालणार? मग सगळ्यांचे डोळे आपोआप एकाच दिशेला गेले. झाडांपलीकडे होड्यांचं तळं होतं. ब्राह्मीच्या हातातली बाटली पडली आणि ती तळ्याकडे धावत सुटली. तिच्यामागे शिट्टी वाजवत दोन रखवालदार आणि चार-सहा माणसं गेली. रामगोंडाला पळता येईना. तो कठड्याला धरून उभा राहिला आणि मनातल्या मनात पुन्हा पोरं उतरवायला लागला. बारक्या वेणीची पोरगी, चष्मेवाला, दोन सारख्या टोप्यांचे भाऊ. गर्दीत लाभचा चेहरा दिसल्याचं त्याला आठवेना. पण आकडा पुरा झाला होता, आणि आकडा पुरा झाला की रामगोंडा डोळ्यांना विचारत नसे. पोत्यांचे काय चेहरे बघत बसतो माणूस? जोतीराम पुढच्या फेरीची पोरं बसवत होता. पालक कुरकुरत होते, तिकिटं काढलेली होती, आणि हरवलेलं पोर तर गाडीत नव्हतंच.

तेवढ्यात झाडावरचा भोंगा खरखरला. आधी चाललेलं गाणं बंद झालं आणि एक बाई स्पष्ट, सावकाश बोलू लागली. "लाभ..."

"दोन," रामगोंडा म्हणाला.

तो स्वतःशीच बोलला होता, ओठांतल्या ओठांत, जिभेच्या सवयीनं. "...लाभ पाटील, वय पाच वर्षं, अंगात पिवळा शर्ट," बाई पुढं सांगत होती, पण त्याला ते ऐकू येत नव्हतं. गाडी फलाटाला लागत होती तेव्हा तो काय म्हणाला होता? तो टाचा उंचावून ओरडला होता, "लाभ!" हाक मारली होती, नातवाला. कुठल्या डब्यात आहे ते दिसावं म्हणून. तेव्हा अजून कुणीच उतरलेलं नव्हतं, गाडी पुरती थांबलीही नव्हती. आणि मग बारक्या वेणीची पोरगी पहिली खाली उतरली, आणि तो म्हणाला होता, दोन. चष्मेवाला, तीन. ज्याला हाक मारली त्यालाच त्यानं मोजून टाकला होता. नाव हवेत गेलं आणि आकडा त्याच्या पाठोपाठ निघाला. पोरं सोळाच उतरली होती. लाभ बोगद्यातून बाहेरच आला नव्हता.

हे सगळं कळायला जेमतेम एका श्वासाचा वेळ लागला. पुढं जे झालं त्याला किती वेळ लागला हे मात्र, मोजण्यात जन्म गेलेला असूनही, रामगोंडाला नंतर कधी सांगता आलं नाही. ओरडायला हवं होतं. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, माझं चुकलं, सोळा उतरली, गाडी थांबवा. तोंड उघडलंही होतं. पण आवाज निघायच्या आधी त्याला करपलेलं पातेलं दिसलं, मुलाचा मऊ आवाज ऐकू आला, बाबा आता राहू दे, तुम्ही दगदग करू नका. मे महिना गेला, हे त्याला स्वच्छ दिसलं. यार्डातले लोक हसताना दिसले, केरबाच्या हातातलं दसऱ्याचं सोनं दिसलं. आणि मग त्याच्या मनात कुणीतरी अगदी हळू, अगदी शहाण्या आवाजात म्हणालं, आधी तळ्यात बघू देत. असेलही तिथं. तुला काय ठाऊक, खरंच उतरला असेल, नजरचूक झाली असेल. तळ्यात बघू देत, मग सांग. तो आवाज त्याचाच होता. क्षणभर रामगोंडाला नातू तळ्यात असलेला चालला असता, आकडा चुकलेला चालला नसता. फलाटावर जोतीरामनं शिट्टी वाजवली. गाडी हलली. तोवर रामगोंडा गप्प होता.

मग तो ओरडला. "थांबव रं! माजं चुकलं! सोळाच उतरल्यात, सोळा! पोरगं आत हाय!" पण भोंग्यावर गाणं पुन्हा सुरू झालं होतं, पोरं टाळ्या पिटत होती, आणि इंजिन त्याच्यापासून दूर, जास्वंदीच्या कुंपणाआड वळत होतं. कुणाला सांगत बसायला वेळ नव्हता. तो कठड्याखालून वाकून रुळांवर उतरला आणि बोगद्याच्या काळ्या तोंडाकडे चालू लागला. चालू लागला म्हणजे पळतच होता, पण सत्तरीला आलेल्या पायांचं ते पळणं. गाडी वळसा घेऊन पलीकडून येणार. वळशाला किती वेळ लागतो हे त्यानं मघाशी मोजलं नव्हतं. नको ते मोजलं होतं.

आत शिरल्यावर पाच पावलांत उजेड संपला. आत ओल होती, कोंदट वास होता, बंद जागेत हवा शिळी होते तसा. आधी कंदील सोडायचा, त्याच्या डोक्यात कुणीतरी म्हणालं. त्यानं भिंतीला हात लावला, खडबडीत सिमेंट, मध्येच लोंबणारी वायर, आणि हाक मारायला तोंड उघडलं. पण तोंडाशी आलेल्या नावाचीच त्याला भीती वाटली. लाभ म्हटलं की जीभ पुढं दोन म्हणेल. मघाशीच त्यानं ते नाव घेऊन पोराला एकदा घालवलं होतं. "बाळा," तो म्हणाला. "ए सोन्या, अज्जा आलाय." उत्तर आलं नाही. बोगदा वाकडा होता, पुढचं काहीच दिसत नव्हतं. तो थांबला, श्वास धरला, आणि तेव्हा त्याला ते ऐकू आलं. अंधारात कुणीतरी कुजबुजल्यासारखं, नाक ओढत, न चुकता म्हणत होतं. "एकोणसाठ... साठ... एकसष्ट..."

हेही त्यानंच शिकवलं होतं. साताऱ्याच्या बाजारात हात सुटला तर काय करायचं म्हणून, याच आठवड्यात. कुठं पळायचं न्हाई, जितं हाईस तितंच उबं राहायचं आनि मोजत राहायचं, शंभर झालं की परत पैल्यापासनं, मी येतोच. आणि पोरगं आज्ञाधारक. सँडल शोधायला जिथं उतरलं, गाडी निघून गेली तेव्हा जिथं उभं राहिलं, तिथंच, दोन रुळांच्या बरोबर मध्ये, ते अजून उभं होतं. रामगोंडाचा हात त्याच्या केसांना लागला आणि त्याच क्षणी रूळ गुणगुणायला लागले. त्यानं पोराला काखेत धरून उचललं. कुठं जायचं ते दिसत नव्हतं, म्हणून तो भिंतीच्या बाजूला सरकत गेला, गुडघा कशावर तरी आपटला, हाताला खरखरीत आयाळीसारखं काहीतरी लागलं, आणि तो त्याच्या आडोशाला पोराला पोटाशी घेऊन दबून बसला. गाडी आली. डब्यांचा वारा त्याच्या पाठीवरून गेला, शर्टाला काहीतरी घासलं. मग ती थांबली, आतलं ठरलेलं अर्धं मिनिट, तांबडा दिवा लागला, आणि त्याच्या कानाजवळ सिंहानं डरकाळी फोडली. पोरं किंचाळली. सिंहाच्या पुढच्या पायांत एक म्हातारा बसलेला होता आणि त्याच्या कुशीत पिवळा शर्ट घातलेलं एक पोर. पोरांना वाटलं, हाही खेळातलाच भाग आहे. त्यांनी आणखी जोरात किंचाळून टाळ्या वाजवल्या. इंजिनजवळून जोतीरामचा आवाज आला, "अरं देवा!" पोर उभं होतं तिथंच, रुळाला लागून, निळा सँडल पडलेला तांबड्या उजेडात दिसत होता. त्याचा पट्टा चाकाखाली गेला होता. रामगोंडानं तिकडं पाहिलं आणि डोळे मिटले.

बाहेर ऊन तसंच होतं. ब्राह्मीनं पोराला असं आवळलं की ते गुदमरून रडायला लागलं. लोक जमले, कुणी साखर दिली, कुणी पाणी. "म्हाताऱ्यानं वळिकलं बगा," जोतीराम जमलेल्यांना सांगत होता. "समदी तळ्यावर पळाली. ह्यो गडी एकटा आत घुसला. लय धीराचा मानूस." त्याला बोलत राहायचं होतं. बाया रामगोंडाकडे बघून हात जोडत होत्या. "माजंच मोजताना चुकलं," रामगोंडा म्हणाला. त्यानं ते मोठ्यानं म्हटलं, दोनदा म्हटलं. पण कुणी मनावर घेतलं नाही. एवढ्या गर्दीत होतंच की, लोक म्हणाले. खरं चुकलं होतं ते वेगळंच, आणि ते कुणी विचारत नव्हतं.

घरच्या गाडीत बसल्यावर ब्राह्मीनं किल्ली लावली, पण चालू केली नाही. स्टिअरिंगवर कपाळ टेकून ती थोडा वेळ रडली. मागच्या सीटवर लाभ अनवाणी पाय हलवत रामगोंडाला चिकटून बसला होता. तो आता सिंहाच्या दातांबद्दल बोलत होता. ब्राह्मीनं डोळे पुसले आणि आरशातून सासऱ्याकडे पाहिलं. "मामा, खरं सांगू? मला जरा धाकधूक होती. याला तुमच्याकडं एकट्याला ठेवायचं म्हणजे... पण आज तुम्ही स्वतःहून बोललात, चुकलं म्हणून. दुसरं कुणी असतं तर दडवलं असतं." ती थांबली. "मे महिन्यात याला सोडते आष्ट्याला. पंधरा दिवस कशाला, महिनाभर राहू दे."

आठ दिवस ज्या वाक्याची वाट पाहिली ते असं आलं. रामगोंडानं खिडकीबाहेर पाहिलं. झाडांपलीकडे पुन्हा शिट्टी वाजली, फेरी सुरू झाली होती. ती शिट्टी आता आयुष्यभर ऐकू येत राहणार हे त्याला कळलं. "शिट्टी जाली न्हवं मगाशी," तो म्हणाला, "तवा मी..."

"काय म्हणालात?"

"काय न्हाई. तू बी ये त्याच्यासंगं. माज्या एकट्यावर नगं सोडू त्याला."

"असं काय बोलता, मामा?"

"नगं," तो म्हणाला. "मला भ्या वाटतं." हे शब्द त्यानं आजवर कुणासमोर उच्चारले नव्हते, चंदनबालासमोरही नाही. ब्राह्मीला वाटलं, म्हातारा दमलाय, घाबरलाय, उद्या ठीक होईल. तिनं गाडी चालू केली आणि रोजच्यासारखं विचारलं, "बसले सगळे?"

लाभ सरसावून बसला. हा त्यांचा ठरलेला खेळ होता. गाडी निघताना अज्जा मोजायचा आणि पहिला मान त्याचा असायचा. रामगोंडानं पोराच्या डोक्यावर तळहात ठेवला. केसांत अजून सिमेंटची भुकटी होती, टाळू गरम होती. त्यानं हात बराच वेळ तसाच राहू दिला.

"एक," तो म्हणाला.

"एक नाही, अज्जा! लाभ!"

"लाभ तुजं नाव हाय, बाळा. मोजायचं एकापासनं."

पोर जरा हिरमुसलं, पण खेळ अर्धा सोडायला तयार नव्हतं. "बरं. मग म्हण की पुढं, दोन."

ब्राह्मी आरशातून बघत होती. रामगोंडानं ओठ हलवले. गाडी फाटकातून बाहेर पडली, कोरेगावच्या रस्त्याला लागली, उसाची एक ट्रॉली मागं पडली, तरी दोन काही त्याच्या तोंडून निघेना.